भातात अझोला सोडला तर मिथेन घटतो की वाढतो?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. ग्वालियरकडच्या डबरा गावाजवळ तुमचे बारा बिघे आहेत, पुसा 1121 हा बासमती भात लावता, अर्धं पाणी हरसी धरणाच्या नहरीचं म्हणजे कालव्याचं आणि अर्धं बोअरचं. कुणीतरी सांगितलं की भातात अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, सोडला की हवामान तापवणारा मिथेन वायू कमी होतो आणि त्याचे कार्बन क्रेडिटचे, म्हणजे असा वायू घटवल्याबद्दलचे, पैसेही मिळतात. दुसरीकडे तुम्ही वाचलंत की अझोला कुजल्यावर मिथेन वाढतो. यात खरं कोणतं, आणि डकवीड, शिंगाडा यांसारख्या पाण्यातल्या इतर वनस्पती चालतील का, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खाचरात अझोला जिवंत तरंगतोय की मरून चिखलात गेलाय, आणि गेला असेल तर त्या वेळी वर पाणी उभं होतं की नव्हतं, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून ‘अझोला टाकावा का’ यापेक्षा ‘अझोला मरेल तेव्हा माझ्या खाचरात पाणी उभं असेल की उतरवलेलं’ हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

मिथेन कुठून येतो ते आधी पाहू. चिखलणीनंतर खाचरात पाणी उभं राहिलं की जमिनीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. त्यानंतर जिवाणू नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. हा सगळा साठा संपला की मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. त्यांना खायला सहज कुजणारा सेंद्रिय कर्ब लागतो: मागच्या पिकाचं धसकट, शेणखत, हिरवळीचं खत आणि भाताच्या मुळांतून झिरपणारे रस. तयार झालेला बहुतेक मिथेन भाताच्या पोकळ काडीतूनच वर जातो. थोडा बुडबुड्यांनी सुटतो आणि अगदी थोडा पाण्यात विरघळून वर येतो. वाटेत मातीचा वरचा काही मिलिमीटरचा थर आणि मुळांभोवतीची जागा इथे प्राणवायू असेल तर मिथेन खाणारे जिवाणू त्यातला बराच गिळून टाकतात. म्हणजे हाताळता येण्यासारख्या जागा तीन: कर्ब किती घातला, पाणी किती दिवस सलग उभं ठेवलं, आणि पृष्ठभागाशी प्राणवायू किती पोचतो. अझोला यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या जागी हात घालतो, आणि दोन्हीकडे उलट दिशेने. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

जिवंत अझोला काय करतो? त्याचं प्रकाशसंश्लेषण चालू असतं, मुळं पाण्यात लोंबत असतात, त्यामुळे पातळ थराखालच्या पाण्यात प्राणवायू टिकतो. पाण्यावर सावली पडते. आपल्याकडे जुलैअखेर ऊन निघालं की पाच सेंटिमीटर पाणी दुपारी चांगलंच तापतं. मिथेन तयार होण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने चढतो, दहा अंशांना दुप्पट आणि कधी त्याहूनही जास्त, त्यामुळे एक-दोन अंशांचा फरकही कामाचा. खालून आलेले बुडबुडे थराखाली अडकतात आणि ते सुटेपर्यंत मिथेन खाणाऱ्या जिवाणूंना वेळ मिळतो. कटकच्या भात संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या शेतावरच्या कामात युरियाबरोबर अझोला उभ्या पिकात वाढवला तेव्हा मिथेन लक्षणीय घटला आणि उत्पादनाला धक्का लागला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका कामात अझोलाने मिथेन वाढल्याचंही दिसलं. तिथे अझोला स्वतःच मिथेन वर पोचवायला मदत करत होता. दोन्ही प्रयोग आपापल्या परिस्थितीत बरोबर आहेत. जमीन वेगळी, आधी घातलेलं खत वेगळं, अझोला कधी आणि किती जाड झाला तेही वेगळं.

जाडी हा मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात. एका चौरस मीटरवर एक ते दीड किलो ओला अझोला म्हणजे भरलेला थर. त्यावर तो एकावर एक चढायला लागतो. वरचा हिरवा दिसतो, खालचा प्रकाशाविना मरतो, आणि पाण्यातलं शेवाळही उजेड नसल्याने प्राणवायू देईनासं होतं. मग थराखालचं पाणी उलट प्राणवायूला मुकतं. हे बांधावरून दिसत नाही. वाकून मूठभर अझोला उचला आणि उलटा करून पाहा. मुळं पिसासारखी, मोकळी, फिकट असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत आणि सडका वास येत असेल तर तिथे अझोलाने पक्ष बदलला असं समजा. त्या जागचा वरचा थर दंताळ्याने ओढून बाहेर काढा. जनावरांना दिवसाला एक-दोन किलो चाऱ्यात मिसळून चालतो, उरलेला उकिरड्यावर.

आता मेलेल्या अझोलाचा हिशोब. ओल्या अझोलात सुकं द्रव्य जेमतेम पाच-सहा टक्के असतं. हेक्टरी 10 टन ओला अझोला म्हणजे सुमारे 550 किलो सुकं द्रव्य, त्यात साधारण 25 किलो नत्र आणि दोनेकशे किलो कर्ब. वजनाने हे फार नाही, पण कर्ब-नत्राचं प्रमाण दहाच्या आसपास असल्याने तो भराभर कुजतो. चिखलात गाडून वर पाणी उभं केलंत तर मिथेनवाल्यांना तयार ताटच. सरकारी पातळीवरच्या उत्सर्जन-गणनेसाठी आयपीसीचं, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचं, जे 2019 चं सुधारित सूत्र आहे, त्यात हिरवळीच्या खताला 0.45 हा गुणांक आहे. 10 टन हिरवळीचं खत घातलं तर त्या सूत्राने मिथेन पावणेतीनपट येतो. अझोलाला हा आकडा जसाच्या तसा लावणारे लोक भेटतात आणि ते चुकतं. सूत्र ओल्या वजनावर चालतं आणि धैंचासारख्या हिरवळीच्या पिकात सुकं द्रव्य अझोलाच्या तीन-चारपट असतं. सुक्या द्रव्याच्या हिशोबाने 10 टन अझोला म्हणजे पावणेतीन टन धैंचा धरला तर वाढ सुमारे 1.6 पट निघते. हा माझा अंदाजी हिशोब आहे, मोजमाप नव्हे. पण लावणीआधी अझोला वाढवून चिखलणीत गाडायची पद्धत मिथेनच्या दृष्टीने मी का टाळायला सांगतो, ते यातून कळेल. नत्रासाठी ती पद्धत उत्तम आहे, तुमचा हेतू वेगळा आहे.

अझोलाच्या आधी मात्र तुमच्या नरवाईकडे, म्हणजे मागच्या पिकाच्या उरलेल्या धसकटांकडे पाहा, कारण तिथे आकडा मोठा आहे. गव्हाची धसकटं आणि भुसा हेक्टरी तीन टन सुका शिल्लक आहे असं धरू. लावणीच्या आधी तीस दिवसांच्या आत गाडला तर त्याच सूत्राने मिथेन सव्वादोनपट होतो. तोच एप्रिल-मेमध्ये, कोरड्यात, तीस दिवसांहून आधी नांगरून मातीत मिसळला तर सुमारे 1.3 पट. जाळायची गरज नाही, फक्त वेळ बदलायची. गहू निघाला की रोटाव्हेटर फिरवा, एखादा वळवाचा पाऊस मिळाला तर फारच छान, उघड्या हवेत कुजू द्या. एवढं न करता अझोला टाकलात तर एका हाताने वाचवलेलं दुसऱ्या हाताने गेलं.

दुसरी मोठी गोष्ट पाणी. दक्षिण आशियासाठी आयपीसीचा पायाभूत आकडा हेक्टरी दिवसाला 0.85 किलो मिथेन आहे. शंभर दिवस सलग पाणी ठेवलं तर 85 किलो. शंभर वर्षांच्या मापाने मिथेनला 27 ने गुणतात, म्हणजे सुमारे 2.3 टन कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. हंगामात एकदा पाणी उतरवलं तर गुणांक 0.71, एकाहून जास्त वेळा उतरवलं तर 0.55. म्हणजे नुसतं पाणी दोन-तीनदा उतरवून हेक्टरी सुमारे एक टन वाचतो. पाणी उतरवल्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे नत्रातून निघणारा दुसरा तापवणारा वायू, वाढतो हे खरं, आणि किलोमागे त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट असतो. पण शंभर किलो नत्रावर सलग पाण्यात 0.3 टक्के आणि उतरवलेल्या खाचरात 0.5 टक्के नत्र त्या रूपात जातं असं धरलं, तर वाढ होते ती सुमारे 85 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी. एक टन वाचवून 85 किलो परत दिले, सौदा तुमच्या बाजूने आहे. यूरिया भरमसाट असेल तर मात्र हे गणित बिघडतं.

इथेच खरी अडचण येते. अझोलाला पाणी हवं, आणि मिथेन कमी करायला पाणी उतरवायला हवं. दोन्ही एकदम होत नाही. पाच सेंटिमीटर पाण्यात तो मजेत वाढतो, नुसत्या ओल्या चिखलावर काही दिवस तग धरतो, भेगा पडल्या की वाळून जातो. म्हणून मी वेळ वाटून घ्यायला सांगतो: लावणीनंतरचा पहिला महिना अझोलाचा, पुढचा काळ पाणी उतरवण्याचा. पहिल्या महिन्यात रोपं रुजायची असतात, फुटवे यायचे असतात, तणही दाबायचं असतं, त्यामुळे पाणी तसंही ठेवावंच लागतं. त्या काळात जिवंत थर कामाला लावायचा. आणि तो जाड होऊन मरायला लागण्याआधी आपणच पाणी उतरवायचं, म्हणजे तो उघड्या हवेत, चिखलाच्या वर कुजेल.

तुमच्या तारखांत बसवून सांगतो. लावणी 10 जुलैच्या सुमारास धरू. तणनाशक वापरणार असाल तर ते लावणीनंतर तीन दिवसांच्या आत देऊन मोकळे व्हा. अझोला सोडल्यावर ब्युटाक्लोरसारखं काही टाकलं तर थर जळतो. लावणीनंतर सात ते दहा दिवसांनी, 18-20 जुलैला, बिघ्याला 100 किलो ताजा अझोला सारखा पसरा. पाच बिघ्यांचा हेक्टर धरला तर हे हेक्टरी अर्धा टन होतं, चौरस मीटरला 50 ग्रॅम. दिसायला अगदी विरळ वाटतं आणि माणूस घाबरून दुप्पट टाकतो. तसं करू नका. चार-पाच दिवसांत दुप्पट होणारा अझोला 20-25 दिवसांत खाचर भरतो. 10-14 ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे लावणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी, थर भरलेला असेल. तेव्हा पाणी तोडा.

स्फुरदाविना हे होणार नाही. अझोलातला निळा-हिरवा जिवाणू हवेतलं नत्र ओढतो, पण स्फुरद त्याला पाण्यातूनच लागतो, आणि आपल्याकडच्या चुनखडीयुक्त, जास्त सामू (पीएच) असलेल्या जमिनी तो धरून ठेवतात. हेक्टरी 8 किलो स्फुरद लागतं, म्हणजे 16 टक्क्यांचं सिंगल सुपर फॉस्फेट 50 किलो, बिघ्याला 10 किलो. एकदम टाकलं तर मातीत जाऊन बसतं. तीन हप्ते करा: सोडताना 4 किलो, मग आठ-आठ दिवसांनी 3-3 किलो. डीएपीने काम भागवू नका, त्यातलं नत्र मिळालं की अझोला हवेतलं ओढायचं कमी करतो. सुपर फॉस्फेटमध्ये जिप्समही असतं. त्यातलं सल्फेट मिथेनवाल्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना थोडं बळ देतं. 50 किलोत फरक छोटाच, पण फुकटचा. तुमच्या बांधालगतचा काही भाग ऊसर, म्हणजे क्षारपड आहे असं तुम्ही लिहिलंय, तिथे सुधारणेसाठी जिप्सम घालणार असाल तर मात्र हा फरक मोठा असतो.

स्फुरदाची कमतरता ओळखायची खूण म्हणजे पानं लालसर होणं आणि मुळं लांब, कुरळी होऊन हात लावताच तुटणं. पण लाली कडक ऊन, थंडी किंवा खारं पाणी यांनीही येते. बोअरच्या पाण्याची शंका असेल तर जूनमध्येच तपासून घ्या. साठ सेंटिमीटर रुंदीचे दोन टब सावलीत ठेवा, तळाला तीन बोटं शेतातली चाळलेली माती, वर दहा सेंटिमीटर बोअरचं पाणी. प्रत्येकात 100 ग्रॅम अझोला. एका टबात दोन ग्रॅम सुपर फॉस्फेट, दुसऱ्यात काही नाही. सहाव्या दिवशी चाळणीत पाच मिनिटं निथळून वजन करा. दोन्हींत 200 ग्रॅमच्या आसपास आलं तर तुमची जमीन-पाणी दोन्ही बरी आहेत. फक्त खतवाल्या टबात आलं तर अडचण स्फुरदाची. दोन्हींत वाढ नसेल तर पाणी खारं आहे किंवा जागा तापते आहे, आणि अशा पाण्यावर बारा बिघ्यांचा घाट घालू नका. नहरीच्या पाण्यावर येणाऱ्या खाचरांपुरताच ठेवा.

बियाणं कुठून आणायचं, हा ग्वालियरकडचा मोठा प्रश्न. मे-जूनमध्ये पारा 44-45 ला जातो आणि अझोला 35 च्या वर वाढत नाही, बऱ्याचदा मरतो. मूळ वाण कडुनिंबाच्या सावलीत, पन्नास टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली, दोन मीटर बाय दोन मीटरच्या प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात जगवायचा: 10-15 किलो चाळलेली माती, 2 किलो शेण पाण्यात कालवून, 30 ग्रॅम सुपर फॉस्फेट, आणि निदान दहा सेंटिमीटर पाणी. उन्हाळ्यात पाणी थोडं जास्तच ठेवा. निवड करता आली तर उष्णता सोसणारा मायक्रोफायला घ्या, नाहीतर आपला देशी पिनाटा. फिलिक्युलॉइडिस थंड हवेचा आहे, त्याच्या मागे लागू नका. जूनअखेर पाऊस सुरू झाला की रोपवाटिकेशेजारी चार-पाच गुंठ्यांचा चिखलवाफा करून त्यात वाढवायला घ्या. भरलेल्या थराचे चार-पाच गुंठे एका हेक्टरला पुरतील एवढं बियाणं देतात. बारा बिघ्यांना एकदम पुरवायला दहा-अकरा गुंठे लागतील, आणि पहिल्याच वर्षी तो व्याप कशाला?

उभ्या पिकात बिघडतं ते साधारण चार ठिकाणी. वारा: मोठ्या उघड्या खाचरात सगळा थर एका बांधाला जाऊन दाटतो, तिथली बुटकी रोपं दबतात आणि बाकी खाचर उघडं राहतं. आडवा छोटा बांध घातला की आवरतं. पाऊस: एका मुसळधार रात्रीत सगळा अझोला मोरीतून शेजाऱ्याकडे जातो, म्हणून मोरीला जाळी बांधा आणि ती रोज साफ करा, नाहीतर बांध फुटेल. अळी: दमट ऑगस्टमध्ये पानं जाळ्याने एकत्र गुंडाळलेली दिसतात आणि थराला भोकं पडतात. तेवढा तुकडा उचलून बाहेर पुरा, फार असेल तर निंबोळी तेल. अझोलासाठी म्हणून कीटकनाशक फवारणं खर्चालाही परवडत नाही आणि बासमतीच्या अवशेष-तपासणीतही अंगाशी येतं. चौथं ठिकाण युरिया, त्याला वेगळा परिच्छेद हवा.

उघड्या पाण्यात युरिया टाकला की शेवाळ दिवसा पाण्याचा सामू नऊ-दहापर्यंत नेतं आणि नत्राचा मोठा हिस्सा अमोनिया होऊन उडतो. उडालेला अमोनिया दुसरीकडे पडून पुढे थोडा नायट्रस ऑक्साइडही होतो. अझोलाचा थर शेवाळाचा उजेड तोडतो, पाण्याचा सामू दीड-दोन अंकांनी खाली ठेवतो आणि हे उडणं कमी करतो. हा फायदा मिथेनइतका गाजत नाही, पण मला तो जास्त भरवशाचा वाटतो. मात्र युरियाचे दाणे थरावर पडले की पानं करपतात आणि वरचं नत्र आधी अझोलाच खातो. त्यामुळे जिवंत थरावर युरिया फेकू नका. पाणी उतरलं, चिखल ओला आहे, अझोला खाली बसला आहे, अशा वेळी द्या आणि लगेच दोन-तीन सेंटिमीटर पाणी सोडा, म्हणजे तो मातीत जाईल. उलट क्रम, म्हणजे युरिया देऊन मग आठ दिवस वाळवणं आणि त्यावर पाणी भरणं, हा नायट्रस ऑक्साइड तयार करायचा हमखास मार्ग आहे.

आणि मात्रा कमी करा. 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो नत्र असतं. भरलेला अझोला हेक्टरी 25 किलोच्या आसपास देतो, पण सगळं याच पिकाला, वेळेवर मिळत नाही. म्हणून हेक्टरी एक गोणी, बिघ्याला 9 किलो, एवढीच कपात करा, तीही दुसऱ्या हप्त्यातून. कपात न करता अझोला वर घातला तर 1121 माजतं, उंच वाढून पोटरीनंतर लोळतं, आणि जादा नत्र नायट्रस ऑक्साइडच्या वाटेला लागतं. युरिया तेवढाच ठेवून अझोलामुळे उत्सर्जन घटलं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

पहिल्यांदा पाणी उतरवाल ते तीन ते पाच दिवसांसाठी. चिखलावर चालताना पाय घोट्यापर्यंत न रुतता ठसा उमटेल इथपर्यंत, भेगा पडेपर्यंत नाही. कोनोवीडर (हाताने ढकलायचं तण काढायचं यंत्र) फिरवून अझोला खोल गाडायचा मोह होईल, निदान या पहिल्या उतारात आवरा. वर पडून हवेत कुजला की त्यातल्या कर्बाचा बराच भाग मिथेनऐवजी कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. थोडं नत्र वाया जातं, ते चालवून घ्या. त्यानंतर पाइपवर चाला: तीस सेंटिमीटर लांब, दहा-पंधरा सेंटिमीटर व्यासाचा, खालच्या भागाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप, निम्म्याहून जास्त जमिनीत. आतलं पाणी जमिनीच्या पातळीखाली पंधरा सेंटिमीटरवर गेलं की पाच सेंटिमीटर भरा. फुलोऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक आठवडा मात्र पाणी उभंच ठेवा, तिथे ताण दिला तर दाणे पोकळ राहतात. वाचलेला थोडा अझोला पुन्हा पसरेल. पसरू द्या, नवीन सोडू नका. हरसीचं पाणी पाळीने येत असेल तर पाळीच्या तारखेवर हे उतार बसवा. पाणी सोडून दिल्यावर पुढची पाळी कधी येणार हे माहीत नसेल तर त्या खाचरात हा खेळ करू नका, बोअरवाल्यात करा.

बाकी वनस्पतींचं लवकर सांगतो. डकवीड, म्हणजे डबक्यावर दिसणारी ती बारीक हिरवी टिकली, आपोआप येते. सावली देते, अमोनिया अडवते, पण नत्र ओढत नाही, पाण्यातलंच खाऊन कुजल्यावर परत करते. आली तर राहू द्या, मुद्दाम आणू नका. मुळं चिखलात आणि शेंडा हवेत अशा कोणत्याही वनस्पतीपासून, म्हणजे पटेरा, मोथा, सावा यांपासून, सावध राहा. त्यांच्या पोकळ खोडांतून मिथेन धुराड्यासारखा थेट वर जातो आणि मधल्या जिवाणूंना तो पकडायला मिळत नाही. शिंगाड्याला महिनोन्महिने खोल, उभं पाणी लागतं. त्याची शेती तळ्यात स्वतंत्र चांगली, भाताच्या खाचरात नको. नाळीची भाजी खाचराच्या कडेला लावून सतत खुडत राहिलात तर कर्ब बाहेर जातो, पण तिचे वेल नहरीत गेले तर आवरत नाहीत. जलपर्णीचं तर नावही काढू नका.

क्रेडिटबद्दल. आजच्या घडीला भातातल्या क्रेडिटचा हिशोब मुख्यतः पाणी किती वेळा आणि किती उतरवलं यावर चालतो, त्यासाठी पाइपच्या नोंदी, फोटो, तारखा लागतात. नुसत्या अझोलाच्या भरवशावर कुणी करार पुढे केला तर मोजणार कसं हे आधी विचारा. अझोलाच्या खाचरात वायू गोळा करणारी बंद पेटी ठेवून वायू मोजणं भाताच्या साध्या खाचरापेक्षा अवघड असतं. पेटीच्या कड्यातला अझोला वाऱ्याने हलत नाही, बाहेरचा हलतो, त्यामुळे आठवड्याभरात आतली आणि बाहेरची जाडी वेगळी होते. फळीवर न उभं राहता चिखलात पाय टाकून नमुना घेतला तर दाबाने सुटलेले बुडबुडेच मोजले जातात. करारात युरियाच्या नोंदी मागितल्या नसतील तर नायट्रस ऑक्साइड हिशोबात धरलेलाच नाही असं समजा.

पहिल्या वर्षी चार बिघे पुरेत. दोन बिघ्यांत अझोला आणि पाण्याचा उतार दोन्ही, शेजारच्या दोन बिघ्यांत फक्त पाण्याचा उतार. नरवाई दोन्हीकडे एकाच दिवशी नांगरलेली, लावणी एकाच दिवशी. पंपाचे तास, युरियाचे किलो, तणाची मजुरी आणि मळणीचं वजन एवढं वहीत लिहा. वरच्या खाचरातून खालच्यात पाणी जात असेल तर अझोलाचे दोन बिघे खालचे धरा, नाहीतर ऑगस्टमध्ये तुलनेची खाचरंही हिरवी झालेली असतील.